आधी वाळू, मग खडी, शेवटी गोटे? वाशिष्ठीत असं होत नाही

कातळ: "पाणी चढलं की आधी वाळू जाते, मग खडी, गोटे शेवटी. म्हणून पात्र खुशाल पोकलेनने उकरा, गोटे राहतातच," ही कालची पोस्ट वाचून झोप उडाली. तळातला कण हलायला पाण्याचा किती जोर लागतो, याचे प्रयोग शील्ड्सने 1936 साली बर्लिनमध्ये केले, ते साधारण एकाच मापाच्या कणांवर. आपल्या चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत सगळी सरमिसळ. उन्हाळ्यात पात्रातला हातभर गोटा उचलून बघा. खाली ओली वाळू, हरभऱ्याएवढी खडी. ती गोट्याच्या आडोशाला दडलेली असते, तिला हलवायला जास्त जोर लागतो. गोटा मात्र डोकं वर काढून प्रवाह अंगावर घेतो. ऑरेगनमधल्या ओक क्रीकची मोजमापं घेऊन पार्कर आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये दाखवलं, की वरचा भरड थर फुटला की बहुतेक सगळी मापं जवळजवळ एकाच जोराला निघतात. तो थर म्हणजे नदीचं चिलखत, आणि पोकलेन आधी तोच फोडतो.

चिपळूणकर: पोस्ट माझीच. 22 जुलै 2021 च्या पुराची रात्र मी माळ्यावर काढली. दुकानात गुडघाभर चिखल, गोटा एकही नाही. ऑरेगन राहू दे.

कातळ: तो चिखल पाण्यात मिसळून आला, तळावरून घरंगळत नाही. दोन्ही एकत्र करू नका.

साकव: पात्रातली रेती नेली आणि आमच्या वाडीच्या साकवाचा पाया उघडा पडला. आई अजून लांबच्या वाटेने जाते. त्यावर कोण बोलणार?

खाडीवाला: सगळ्यांना एकाच मापात तोलू नका. हातपाटीवाला, म्हणजे हाताने रेती काढणारा, दिवसभर बुडी मारून जेवढं काढतो, तेवढं सक्शन पंप चहा होईतो काढतो. शिव्या मात्र आम्हाला!

साकव: पाया हातपाटीने उघडा पडला असं मी म्हटलंय कुठे?

खाडीवाला: मग पंप म्हणा की स्पष्ट! "रेती नेली" म्हटलं की बोट आमच्याकडेच जातं.

चिपळूणकर: मूळ मुद्द्यावर या. वाळू-खडीच्या मिश्रणासाठीचं विल्कॉक आणि क्रो यांचं 2003 चं सूत्र मीही वाचलंय. वरच्या थरात वाळू नसेल तर सरासरी कणासाठी शील्ड्सचा आकडा (जितका मोठा, तितका कण हलवायला जास्त जोर) 0.036, भरपूर असेल तर 0.021. म्हणजे वाळू काढली की खडी घट्ट बसते. झालं ना माझंच खरं?

कातळ: सूत्र बरोबर. अगदी मोठा धोंडा थोडा मागे राहतो, हेही मान्य. पण पोकलेन वाळू चाळून घेत नाही. गोट्यांसकट उचलतो, आणि खालची वाळूमिश्रित खडी उघडी टाकतो.

चिपळूणकर: बरं, "गोटे राहतातच" हे वाक्य काढतो. गाळ मात्र काढायचाच. माझ्या दुकानात पुन्हा पाणी नको.