डेट्रॉइटचं डाउनटाउन: खरंच उभं राहतंय, की फक्त वुडवर्डचा एक मैल चकचकीत झालाय?

पायी_पायी

आपल्याकडच्या कुठल्याही गणपतीच्या जेवणात डेट्रॉइटचा विषय काढून बघा. ट्रॉय, नोवी, कँटन या उपनगरांतली निम्मी मंडळी एकच सांगतात: "मॅच असेल तर जातो. गाडी गॅरेजात, मॅच संपली की तडक घरी." पुण्याला फोनवर मात्र आपण सगळे "डेट्रॉइटला असतो". ज्या शहराच्या नावावर इतकी वर्षं पगार घेतला, ते एकदाही पायाखालून घातलेलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. हे डाउनटाउन हळूहळू का होईना, खरंच उभं राहतंय, आणि ते गाडीतून कळत नाही.

ग्रँड सर्कस पार्कपासून वुडवर्ड अव्हेन्यूने नदीकडे चालत निघा. रमतगमत गेलं तरी अर्धा-पाऊण तास. कोपऱ्यावरचा ब्रॉडरिक टॉवर 1928 चा, वर्षानुवर्षं रिकामा पडलेला. 2012 पासून त्यात लोक राहतात. पुढे हडसन्सची जागा. ते दुकान 1983 मध्ये बंद झालं, 1998 मध्ये सुरुंग लावून पाडलं, आणि मग कित्येक वर्षं तिथे जमिनीखाली पार्किंग आणि वर नुसतं आभाळ. आज तिथे काचेचा टॉवर आहे, आणि आपलं मुख्यालय रेनेसाँ सेंटरमधून तिथे हलवणार असं जनरल मोटर्सने 2024 मध्ये जाहीर केलं. कॅम्पस मार्शियसच्या चौकात उन्हाळ्यात वाळू पसरतात, हिवाळ्यात बर्फावर स्केटिंग. ग्रिसवोल्ड स्ट्रीटवर गार्डियन बिल्डिंगमध्ये नक्की शिरा. 1929 ची इमारत, बाहेर नारिंगी विटा, आत छतावर भडक रंगांची नक्षी, आणि जुन्या बँकेच्या हॉलमध्ये अख्ख्या भिंतीवर रंगवलेला मिशिगनचा नकाशा. बँक असून देवळात आल्यासारखी मान आपोआप वर जाते. (रस्त्यातल्या लोखंडी झाकणांतून वाफ येते, तिला घाबरू नका. इमारती तापवायची वाफेची जुनी पाइपलाइन रस्त्याखालून जाते, तिचीच ती.)

मी इमारती मोजत नाही. मॅच नसलेल्या मंगळवारी संध्याकाळी सातला कोण दिसतं, ते बघतो. पूर्वी इमारतींचे सुरक्षारक्षक तेवढे दिसायचे. आता कुत्री फिरवणारे दिसतात, बाबागाड्या दिसतात, चौथ्या-पाचव्या मजल्यावर कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला दिवा दिसतो. 1950 साली साडेअठरा लाखांचं असलेलं हे शहर 2020 च्या जनगणनेत 6 लाख 39 हजारांवर आलं होतं. 2023 च्या अंदाजात 1957 नंतर पहिल्यांदा लोकसंख्या वाढली. वाढ किरकोळ आहे, पण घसरण थांबली ना?

नोवीकर

लेख छान, पटला नाही. मॅचच्या दिवशी पार्किंगवाले तोंडाला येईल तो भाव सांगतात. दोन पोरं, आई-बाबा आलेले, थंडीत त्यांना वुडवर्डवर कशाला चालवू? चालायला आमच्याकडे मेपलच्या झाडांनी वेढलेली तळी आहेत. आणि राहायचं म्हटलं तर शाळांचं काय? तिथे भाड्याने राहतात ती पंचविशीतली पोरं. पोर शाळेत जायच्या वयाचं झालं की सामान बांधून आमच्याच गल्लीत येतात.

हिशेबनीस

नोवीकरांचा मुद्दा वेगळा, माझा वेगळा. डोळ्यांना दिसतं ते छानच आहे. पावती कुणाच्या नावावर फाटली ते बघू.

हडसन्सच्या टॉवरला 2022 मध्ये नगर परिषदेने सुमारे 6 कोटी डॉलरची करसवलत दिली, दहा वर्षांत पसरलेली. लिटल सीझर्स अरीना या हॉकी-बास्केटबॉलच्या स्टेडियमचा खर्च 86 कोटी डॉलरच्या आसपास, त्यातले 32 कोटींहून जास्त सार्वजनिक पैशातून. बदल्यात अरीनाभोवती नव्याकोऱ्या वस्त्या उभ्या राहतील अशी रंगीत चित्रं 2014 मध्ये दाखवली होती. अरीना 2017 मध्ये वेळेवर उघडलं. वस्त्या बघायच्या तर वुडवर्ड सोडून पश्चिमेला दोन गल्ल्या आत जा. डांबर, पांढरे पट्टे, आणि "इव्हेंट पार्किंग"ची पाटी. नोवीकर ज्या भावाने वैतागलेत तो तिथलाच.

आता याच शहरातला साधा घरमालक घ्या. 2010 ते 2016 या काळात घरांच्या किमती पडल्या, पण महापालिकेच्या कागदावर त्या पुरेशा उतरल्याच नाहीत. लोकांनी किमान 60 कोटी डॉलर जास्तीचा मालमत्ता कर भरला, असा हिशेब डेट्रॉइट न्यूजने 2020 मध्ये मांडला. त्याच वर्षांत कर थकला म्हणून हजारो घरांचे लिलाव झाले. टॉवरवाल्याला सूट, आणि आजीच्या घराला टाळं.

शहर 139 चौरस मैलांचं आहे. पायी_पायी, तुम्ही चाललात तो एक मैल.

पायी_पायी

@हिशेबनीस, आकडे मान्य. अरीनाचा सौदा वाईट होता हेही मान्य. पण एक हिशेब तुम्ही सोडलात. डेट्रॉइट शहर स्वतःचा प्राप्तिकर घेतं: राहणाऱ्याकडून 2.4 टक्के, बाहेरून कामाला येणाऱ्याकडून 1.2 टक्के. 2010 मध्ये क्विकन लोन्स या गृहकर्ज कंपनीने लिव्होनिया या उपनगरातून बस्तान डाउनटाउनला हलवलं, तेव्हा तिथल्या हजारो पगारांतला वाटा शहराला मिळायला लागला. 2013 मध्ये सुमारे 18 अब्ज डॉलरच्या कर्जाखाली दिवाळं काढलेल्या शहराला दुसरं उत्पन्न होतं कुठे? तेव्हा रस्त्यावरचे चाळीसेक टक्के दिवे बंद होते. 2016 च्या शेवटी 65 हजार नवे दिवे लागले, आणि ते वस्त्यांमध्येही लागले. डाउनटाउन मेलेलंच ठेवलं असतं तर त्या आजीचं घर वाचलं असतं का?

हिशेबनीस

दिव्यांसाठी रोखे काढले होते, ते फेडायला विजेच्या बिलावरचा कर वळवला. तो कर त्या आजीनेही भरला. श्रेय टॉवरला देऊ नका.

परळवासी

मी मूळचा गिरणगावातला, सध्या फार्मिंग्टन हिल्स. वरचं वाचून आमचं परळ आठवलं. 1982 चा संप, मग बंद गिरण्या. 1991 च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे: पालिकेच्या मोकळ्या जागेला, म्हाडाच्या घरांना आणि मालकाला. 2001 मध्ये तो नियम फक्त मोकळ्या जमिनीपुरता उरला आणि पहिले दोन वाटे आक्रसले. गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले, गिरणी कामगार घराच्या सोडतीची वाट बघत बसला. चिमण्या "जपल्या" म्हणून आर्किटेक्टांनी पाठ थोपटून घेतली ती वेगळीच. तेव्हा पुनरुज्जीवन म्हटलं की माझा हात आधी खिशाकडे जातो.

पायी_पायी

@परळवासी, तुलना पूर्ण बसत नाही. परळला जमिनीला सोन्याचा भाव होता म्हणून माणसं हटवली. इथे जमिनीला भावच नव्हता. पंचवीस-तीस मजली इमारती फुकट दिल्या तरी कुणी घेत नव्हतं.

आठवा_मैल

"माणसं हटवली नाहीत" असं म्हणायच्या आधी वुडवर्डवरून पूर्वेला वळा. दहा-पंधरा मिनिटांत एका खोल खड्ड्यातला महामार्ग आडवा येतो, आय-375. त्याच्या जागी हेस्टिंग्ज स्ट्रीट होता. कृष्णवर्णीयांची दुकानं, दवाखाने, जॅझचे क्लब. ब्लॅक बॉटम आणि पॅराडाइज व्हॅली या वस्त्या पन्नास-साठच्या दशकात बुलडोझरखाली गेल्या. आज "नवं डाउनटाउन" म्हणतात त्याच्या शेजारचंच हे.

मी शहरातच राहते, गाडी नाही. मला टॉवरबद्दल राग नाही. कॅपिटल पार्कात बसून कॉफी मीही पिते. माझी तक्रार एवढीच की रात्रपाळी संपल्यावर घरी पोचायचं कसं. क्यू-लाइन ट्राम 2017 मध्ये आली, धावते 3.3 मैल, वुडवर्डवरच. पीपल मूव्हर (पुलावरून धावणारी छोटी गाडी) 1987 पासून डाउनटाउनभोवती घिरट्या घालतोय. मिशिगन सेंट्रल स्टेशन बघा! 1988 मध्ये शेवटची गाडी गेली, फोर्डने 2018 मध्ये घेतलं, 2024 मध्ये दिमाखात उघडलं, इंडियानाहून दगड आणून एकेक कोपरा पूर्ववत केला. डोळे निवतात. पण स्टेशन असून गाडी थांबत नाही.

चार काउंट्यांची मिळून चांगली बस-रेल्वे व्हावी म्हणून 2016 मध्ये मतदान झालं. अगदी थोडक्यात पडलं, आणि पाडलं ते उपनगरांनी. नोवीकर, तुमचं नोवी तर बससेवेतून बाहेरच राहिलेलं गाव. ओकलंड काउंटीने 2022 मध्ये मतदान करून सगळ्यांना आत घेतलं तेव्हा कुठे बस यायला लागली. मग पार्किंगच्या भावाला नावं ठेवायची!

नोवीकर

ताई, मला का ओरडताय? मी ग्रीन कार्डाच्या रांगेत. माझं मत कुणी विचारलंय? कर मात्र सगळे भरतो. आमच्या सबडिव्हिजनमधल्या निम्म्या देशी घरांची हीच कथा.

हिशेबनीस

हा मुद्दा खरा आहे. पण ज्यांना मत आहे असे आपल्यातले बरेच जण 2016 मध्ये "आम्हाला बस कशाला" म्हणत होते. मंडळाच्या सहलीत माझ्याच टेबलावर झालेला संवाद आहे.

परळवासी

नोवीकर, मतदान राहू द्या. शनिवारी ईस्टर्न मार्केटला तरी या. भोपळा, मेथी, वांगी ताजी मिळतात, आणि आई-बाबांना मंडईत आल्यासारखं वाटेल.

नोवीकर

मेथी मिळते? नक्की? आई मिशिगनच्या मेथीवर तीन महिने टीका करतेय. पार्किंग कुठे?

आठवा_मैल

पार्किंग आहे. पण एकदा गाडी वुडवर्डला वरच कुठेतरी लावून 4 नंबरच्या बसने उतरा. आई-बाबांना खिडकीजवळ बसवा, पोरांना सुटे पैसे टाकू द्या. मग सांगा तुमच्या गावात बस हवी की नको.