मोबाइल वाचून दाखवतो, मग ब्रेलची कपाटे कशाला?

रावपुराकर: आमच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेत अंध व अपंग वाचकांसाठी वरच्या मजल्यावरची खोली देण्याचा ठराव आला आणि विरोध करणारा मी एकटाच निघालो. एका मध्यम कादंबरीचे ब्रेलमध्ये जाडजूड चार-पाच खंड होतात. कपाट अडते आणि वाचक येतात दोन. आता मोबाइल सगळे वाचून दाखवतो, अंध वाचकांसाठीचे सरकारचे सुगम्य पुस्तकालयही २०१६ पासून ऑनलाइन आहे. वर्गणीदारांचा पैसा भावनेपोटी कशाला घालवायचा?

सूरसागरकाठ: आपले लेखन मी त्याच मोबाइलच्या तोंडून ऐकले, म्हणून सविस्तर उत्तर देतो. मी जन्मांध आहे. ‘मोबाइल सगळे वाचतो’ असे म्हणणाऱ्याने मराठी पुस्तकाची पीडीएफ एकदा डोळे मिटून उघडून पाहावी. पाने स्कॅन केलेली असतील, तर यंत्राच्या दृष्टीने ते नुसते चित्र असते आणि फोन गप्प बसतो. अक्षरजुळणी युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये झालेली असेल, तर तुम्हाला पडद्यावर सुरेख देवनागरी दिसते आणि माझ्या कानात अर्धा तास इंग्रजी अक्षरे व विरामचिन्हे पडत राहतात. ते पुस्तक कुणीतरी नव्याने टंकित करावे लागते, त्याची मुद्रिते तपासावी लागतात आणि तिसऱ्या प्रकरणावरून थेट सातव्यावर जाता यावे म्हणून डेझी या अंध वाचकांसाठीच्या डिजिटल पुस्तकाच्या स्वरूपात शीर्षकांच्या खुणा घालाव्या लागतात. हे काम ग्रंथालयाने करायचे नाही, तर कोणी करायचे? सुगम्य पुस्तकालयातली पुस्तकेसुद्धा कोणीतरी अशीच बसून तयार केलेली आहेत, ती आकाशातून पडलेली नाहीत.

दांडियाबाजारची मावशी: आणि तो आवाज! माझ्या फोनमधला हिंदी आवाज मराठी वाचतो तेव्हा विहिरीत ‘गाल’ साचतो आणि झाडाचे ‘मूल’ उपटले जाते. चुलीतला ‘च’ तर त्याला जन्मात जमणार नाही.

न्यायमंदिरसमोर: मावशी, बडोद्यात राहून हिंदी आवाज कशाला लावता? गुजरातीत ‘ळ’ आहे की.

दांडियाबाजारची मावशी: गुजराती आवाजाने ‘आहे’चे काय केले असते, ते ऐकायची माझी तयारी नाही. मराठीचा म्हणून निराळा आवाज हवा, एवढीच मागणी आहे आणि ती करताना आपण नेहमी मागे राहतो.

सूरसागरकाठ: मराठी आवाज आता मिळतात, पण तीनशे पाने सोबत करावी असे थोडेच. विषय ‘ळ’चाच निघाला आहे, तर सांगतो. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये, ‘ळ’ला स्वतःची खूण आहे, चार-पाच-सहा, म्हणजे उजव्या रांगेतले तिन्ही ठिपके. ती बोटाला लागली की गाळाचा गाल होत नाही. माझी भाची बारावीपर्यंत केवळ ऐकून शिकली. बुद्धीने तल्लख आहे, परंतु ‘आशीर्वाद’ तिने एकदाही बरोबर लिहिलेला नाही, कारण शब्द कसा दिसतो किंवा बोटाला कसा लागतो, हे तिला कुणी दाखवलेच नाही.

रावपुराकर: ‘आशीर्वाद’ आमच्या डोळस कार्यकारिणीलाही येत नाही. निमंत्रणपत्रिका पाहा.

सूरसागरकाठ: त्यांना चूक दाखवता तरी येते. तिने ती कुठे तपासायची?

मांडवीचा मुद्रक: येथे सगळ्यांचे पोट भरलेले दिसते. आम्ही पुस्तक छापायचे आणि तुम्ही ‘अंधांसाठी’ म्हणून टंकित प्रत करायची. महिनाभरात ती गावभर फिरते. एका पुस्तकाची अशी प्रत माझ्याच मेहुण्याने मला मोठ्या कौतुकाने पाठवली होती.

न्यायमंदिरसमोर: मेहुण्याचा राग अंध वाचकांवर काढू नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अपंग व्यक्तींसाठी सुगम प्रत करण्यास स्पष्ट मोकळीक दिली आहे, संस्थेने मात्र नफा घेता कामा नये. अशा सुगम प्रतींसाठीचा २०१३ चा आंतरराष्ट्रीय माराकेश करार २०१४ मध्ये सर्वांत आधी आपल्याच देशाने मंजूर केला. शिवाय तो केवळ अंधांपुरता नाही, ज्याला पुस्तक हातात धरता येत नाही किंवा पान उलटता येत नाही, तोही त्यात येतो. अर्धांगवायूनंतर माझे वडील डाव्या कोपराने पुस्तक दाबून ठेवत आणि पान जिभेने उलटत. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

मांडवीचा मुद्रक: कायदा मान्य आहे. मेहुणा मान्य नाही.

रावपुराकर: वडिलांविषयी वाचून वाईट वाटले. तरीही कपाटाचा प्रश्न राहतोच.

सूरसागरकाठ: कपाट भरायलाच हवे असे नाही. अंधांसाठीच्या साहित्याचे पार्सल टपालाने सात किलोपर्यंत विनाशुल्क जाते, तेव्हा मोठ्या संस्थेकडून खंड मागवता येतील आणि वाचून झाल्यावर परत पाठवता येतील. फक्त आले की ते उभे ठेवा. एका ठिकाणी ब्रेलचे खंड आडवे रचून वर जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे ठेवले होते. खालच्या खंडाची पाने मी उघडली, तर ठिपके इतके दबले होते की बोटाखाली नुसता खरखरीत कागद लागत होता. याच शहरात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभारले आणि पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी धाडल्या. खेड्यात वाचक किती, हे आधी मोजत बसले असते, तर एकही पेटी हलली नसती.

रावपुराकर: बडोद्यात वादात महाराज आले की समोरच्याने हरायचे असते, हे ठाऊक आहे. बरे, ब्रेलला माझा विरोध नाही असे समजा. टंकनाला माणसे मिळत असतील, तर मुद्रिते मी तपासतो, निवृत्त माणसाला दुसरे काय काम? ‘ळ’ पाहिलेच जातील. खोलीबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.

न्यायमंदिरसमोर: खोलीबद्दल माझेही आहे. अपंग वाचकांचा विभाग वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि खाली दाराशीच चार पायऱ्या. ठराव करणाऱ्यांपैकी कुणी चाकाची खुर्ची ढकलून पाहिली आहे काय?

रावपुराकर: हे मी सभेत उभे राहून म्हटले होते. इतिवृत्तात फक्त ‘एका सभासदाचा विरोध’ एवढेच आले आहे.