खानापूर तालुक्यातील चिऱ्याच्या जुन्या घरात ओल चढते आहे : सिमेंटचा गिलावा काढावा का?

नमस्कार. खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या घराविषयी जाणत्यांचा सल्ला हवा आहे. मी नोकरीनिमित्त बेळगावात असतो आणि गावी आई एकटीच राहते. माझा निर्णय चुकला तर त्याचा त्रास तिला सोसावा लागेल, म्हणून हकीकत जरा सविस्तर लिहितो.

घर आजोबांनी बांधलेले आहे. दीड फूट जाडीच्या जांभ्या चिऱ्याच्या भिंती, मातीत केलेली जोडणी, वरून चुन्याचा गिलावा, सागवानी खांब-तुळया आणि कौलारू छप्पर असे त्याचे मूळ रूप होते. माझ्या लहानपणी पावसाळ्यात माजघराच्या उत्तरेकडील भिंतीला जोत्यालगत वीतभर ओल दिसे आणि दिवाळीपर्यंत ती आपोआप सुकून जाई. 2012 साली आम्ही घर नीटनेटके करायचे ठरवले, तेव्हा शेणाने सारवलेली जमीन काढून टाइल बसवल्या, चुन्याचा गिलावा खरवडून त्या जागी सिमेंटचा केला आणि त्यावर पुट्टी लावून प्लास्टिक रंग दिला. दोन वर्षे भिंत सुरेख दिसली. मग तळाशी रंगाला फुगे आले आणि पोपडे सुटू लागले. ऑगस्ट 2019 च्या अतिवृष्टीत परड्यातून पाणी आत शिरले आणि दोन दिवस घोट्याएवढे साचून राहिले. तेव्हापासून ती भिंत एकदाही पूर्ण सुकलेली नाही.

आता ओलीची रेघ जमिनीपासून साडेचार फुटांवर पोचली आहे. रेघेच्या आसपास लोण्याची, म्हणजे भिंतीतून बाहेर येणाऱ्या क्षारांची, पांढरी भुकटी साचते. आई ती रोज झाडते आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आलेली असते. बोटांनी वाजवून पाहिले तर निम्म्या भिंतीचा गिलावा पोकळ वाजतो. देवघराचा कोनाडा याच भिंतीत असल्यामुळे यंदा गणपती सोप्यात बसवावा लागला, आणि आईला त्याचे फार वाईट वाटले.

मी काही गोष्टी स्वतः तपासल्या आहेत. कौले काढून पाहिली. वासे व रिपा कोरड्या आहेत आणि भिंतीचा वरचा भागही कोरडा आहे, तेव्हा पाणी छपरातून येत नाही. भिंतीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवला, तर थेंब कागदाच्या आतल्या अंगाला जमले होते. ओल भिंतीच्या पोटातूनच येते, खोलीतील दमटपणामुळे नव्हे, असा मी त्याचा अर्थ लावला. भिंतीबाहेरील गल्लीचा रस्ता दोन वेळा काँक्रीट होऊन इतका उंचावला आहे की पूर्वी दोन पायऱ्या चढून आत यावे लागे, तेथे आता उंबरा आणि रस्ता जवळजवळ एका पातळीत आले आहेत. याच भिंतीवरील विजेच्या बटणाला मागच्या महिन्यात झिणझिण्या जाणवल्या, तेव्हा वायरमनला बोलावून त्या भिंतीचा पुरवठा त्याच दिवशी तोडून घेतला.

गवंड्याचे म्हणणे असे की, जुना गिलावा काढून वॉटरप्रूफिंगचे द्रव्य मिसळलेला सिमेंटचा गिलावा पुन्हा करावा. 2012 मध्येही थोड्याफार फरकाने हेच केले होते, म्हणून माझे मन घेत नाही. एका दुकानदाराने भिंतीला भोके पाडून रसायन भरण्याचा उपाय सुचवला आहे. शिवाय माजघरातील एका खांबाचा तळ कुजलेला दिसतो. आधी काय करावे, चुन्याकडे परत जाणे शहाणपणाचे आहे का, आणि काम आता दसऱ्यानंतर धरावे की उन्हाळ्यापर्यंत थांबावे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद

आपण केलेली तपासणी योग्य आहे, आणि वीज तोडली हे सर्वांत चांगले केलेत. मी निपाणी भागात घरदुरुस्तीची कामे पाहतो. दूधगंगा-वेदगंगेला 2019 आणि 2021 मध्ये आलेल्या महापुरांनंतर अशी बरीच घरे हाताखालून गेली, त्या अनुभवावरून लिहितो.

जांभा हा सच्छिद्र दगड आहे. तो जमिनीतील पाणी वर ओढतो, आणि चुन्याचा गिलावा ते पाणी हवेत सोडून देतो. आपल्या आजोबांच्या काळी ओल वीतभरच राही ती यामुळे. सिमेंट आणि प्लास्टिक रंगाने बाहेर पडण्याची ती वाट बंद केली. टाइलमुळे जमिनीतूनही वाफ निघेनाशी झाली. मग पाणी वाट मिळेपर्यंत वर चढत गेले. त्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाशी सुकताना फुगतात आणि गिलावा ढकलून पाडतात. म्हणून पुन्हा सिमेंट करू नका. ओल पाच-सहा फुटांवर जाईल, एवढेच होईल. रसायनावरही मी पैसे घालणार नाही, कारण चिऱ्यातील पोकळ्या आणि मातीच्या दरजा यांत ते सारखे पसरत नाही.

सुरुवात बाहेरून करा. भिंतीपासून हातभर अंतरावर चर खणून त्यात खडी भरा आणि चराला उताराच्या बाजूने वाट काढून द्या. मात्र पायाच्या तळाखाली कदापि खणू नका, कारण मातीच्या जोडणीचे घर त्याने बसू शकते. त्याआधी न्हाणीच्या मोरीत निळीचे पाणी ओतून ते कोठे निघते ते पाहा. जुन्या घरांत हा दोष नेहमी नजरेआड राहतो.

पाऊस थांबला की ओलीच्या रेघेच्या वर फूटभर अंतरापर्यंत सिमेंटचा गिलावा काढा. हातोडा जपून चालवा, चिऱ्याचा पृष्ठभाग फुटता कामा नये. लोणा कोरड्या ब्रशने झाडून घराबाहेर टाका. पाण्याने धुतला तर तो विरघळून परत भिंतीत जातो. मग भिंत उघडी ठेवा. इंचभर जाडी सुकायला साधारण महिना लागतो, तेव्हा आपली दीड फुटांची भिंत दोन्ही अंगांनी सुकली तरी आठ-नऊ महिने लागतील. मे महिन्यात काम उरकण्याची घाई केली तर चुनाही टिकणार नाही. गरज पडली तर एक पावसाळा मधे जाऊ द्या. नंतर एक भाग चुना आणि तीन भाग वाळू अशा मालाचे पातळ थर द्या, प्रत्येक थर काही दिवस ओलसर राखा आणि शेवटी फक्त चुन्याची सफेदी करा. चुना विरवताना तो उसळतो, म्हणून डोळ्यांना चष्मा आणि हातांत मोजे हवेतच.

खांबाला हात लावण्यापूर्वी वरच्या तुळईला भक्कम टेकू द्या आणि एखाद्या अभियंत्याला प्रत्यक्ष दाखवा. कुजलेला भाग कापून खांब उंच तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर, बसवता येतो.

मूळ लेखकाची भर, तीन आठवड्यांनंतर

काका, आपले मनापासून आभार. निळीचे पाणी मोरीत ओतले आणि अर्ध्या तासात ते उत्तरेकडील चरात निळेच झिरपलेले दिसले. न्हाणीचा सांडपाण्याचा नळ कोपऱ्यावर जोडापाशी फुटलेला होता. म्हणजे आम्ही बारा महिने स्वतःच्या हाताने त्या भिंतीला पाणी पाजत होतो. नळ बदलला, चरात खडी भरली आणि साडेपाच फुटांपर्यंत गिलावा काढून घेतला. ओलीच्या रेघेवर पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहिली आहे. पंधरा दिवसांत ती रेघ चार बोटे खाली आली. देव सध्या सोप्यातच राहतील, असे आईने स्वतःहून सांगितले.

खांबावरच्या तुळईला टेकू दिला आहे आणि अभियंता पुढील रविवारी येणार आहेत. एवढेच विचारायचे राहिले : खानापूर, नंदगड किंवा लोंढा भागात चुना विरवून मळण्याचे काम स्वतः केलेला गवंडी अजून आहे का? वयस्कर असला आणि केवळ शेजारी बसून आमच्या गवंड्याला शिकवणार असला तरी चालेल. त्यांची जाण्यायेण्याची आणि जेवणाखाण्याची व्यवस्था आम्ही करू.