मदत हवी आहे: चॅप्लिनचा हा मूकपट कोणता?

चॅप्लिनचा एक छोटा मूकपट शोधतोय. तो असतो साधा वेटर, पण श्रीमंतांच्या मेजवानीत बडा परदेशी पाहुणा म्हणून मिरवतो. शेवटी तीच मंडळी गंमत म्हणून नेमकी त्याच्याच हॉटेलात येतात आणि बिंग फुटतं. एवढं पक्कं आठवतंय.

‘द काउंट’ (१९१६) पाहिला, त्यात तो शिंप्याकडचा नोकर. ‘द रिंक’मध्ये (१९१६) वेटर आहे खरा, पण पुढे स्केटिंगच. ‘द ॲडव्हेंचरर’ (१९१७) पळालेल्या कैद्याचा. ‘द आयडल क्लास’ही (१९२१) नाही. म्हणजे १९१४ मधल्या, कीस्टोन या चित्रपट कंपनीत असतानाच्या दिवसांतला असेल का? मागून निवेदन घातलेली प्रत नकोय. नाव सांगाल का, आणि पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या मूळ पाट्यांसह पूर्ण प्रत कुठे बघायला मिळेल?