मदत हवी आहे: ग्रीन कार्ड येण्याआधी अमेरिकी सैन्यात भरती होता येईल का?

नमस्कार मंडळी,

मी शिकायला म्हणून अमेरिकेत आले आणि इथेच लग्न झाले. नवरा अमेरिकी नागरिक आहे, जन्म इथलाच. त्याने माझ्यासाठी आय-१३० (नातेवाइकासाठीची विनंती) आणि सोबत माझा आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) असे दोन्ही अर्ज भरले. बोटांचे ठसे झाले, कामाचा परवाना आला, अ‍ॅडव्हान्स पॅरोलही (देशाबाहेर जाऊन परत येण्याची परवानगी) आला. आता मुलाखतीच्या पत्राची वाट बघतोय.

मला इथल्या आर्मीत जायचे आहे. हे खूळ नवे नाही. कॉलेजात एनसीसीत होते, ‘सी’ सर्टिफिकेट आहे, शॉर्ट सर्व्हिस कमिशनची तयारीही सुरू केली होती. पुढे इकडे शिक्षणासाठी यायचे ठरले आणि ते मागे पडले. तिथे मुलींना ओटीएला (सैन्याच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीला) अविवाहित असण्याची अट असल्याने लग्नानंतर तो रस्ता संपलाच. पण ज्या देशात मी आता संसार थाटतेय, मुले वाढवणार आहे, त्या देशासाठी काही करायचे तर मला हेच करायचे आहे. नवऱ्याचा पाठिंबा आहे. सासूबाई काळजीत आहेत, पण नको म्हणालेल्या नाहीत. नाशिकला आईबाबांना अजून सांगितलेले नाही, त्याचे कारण खाली येईलच.

एका भरती अधिकाऱ्याशी फोनवर बोलले. तो म्हणाला, “अर्ज चालू आहे ना, कामाचा परवाना आहे ना, मग या, बघू.” दुसऱ्याने कार्ड हातात आल्याशिवाय पुढे काहीच होणार नाही असे सांगितले. कोणाचे खरे धरायचे? आणि लग्नाला दोन वर्षे व्हायच्या आत कार्ड मिळाले तर ते दोन वर्षांचे, अटींसहित असेल. ते चालते का? माझे बीएस्सी भारतातले आहे, मास्टर्स इथले. ऑफिसर म्हणून जाता येईल का, की शिपाई म्हणूनच सुरुवात करावी लागेल?

सगळ्यात मोठी शंका ओसीआयची, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणाऱ्या कार्डाची. सैन्यात गेल्यावर नागरिकत्व लवकर मिळते असे ऐकले. मग भारताचा पासपोर्ट सोडावा लागेल, त्याची मनाची तयारी आहे. पण परदेशी सैन्यात असलेल्यांना ओसीआय मिळत नाही असे कोणीतरी म्हणाले. आईबाबा तिकडे एकटे आहेत आणि मी एकुलती एक. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनी कृपया सांगा.

– उगवती

प्रतिसाद – दूरचा_पाऊस

उगवती, दुसरा अधिकारी बरोबर सांगतोय. मी ग्रीन कार्डवर आर्मीत भरती झालो होतो, म्हणून खात्रीने लिहितो. भरतीसाठी कायद्याने नागरिक किंवा कायम रहिवासी असावे लागते. मायक्रोनेशिया, मार्शल बेटे आणि पलाऊ इथल्या लोकांना वेगळी सवलत आहे, ती आपल्या कामाची नाही. प्रलंबित आय-४८५, कामाचा परवाना, एच-४ किंवा एफ-१ व्हिसा यांतले काहीच चालत नाही. आर्मी रिझर्व्ह आणि नॅशनल गार्डलाही हाच नियम आहे, त्यामुळे तिकडून वाट निघेल या आशेवर राहू नका.

पूर्वी मावनी नावाची योजना होती. २००८ च्या अखेरीस मंजूर झाली. त्यात काही भाषा येणाऱ्यांना आणि वैद्यकीय पेशातल्यांना व्हिसावर असतानाही घेत. २०१६ पासून तिची नवी भरती बंद आहे. जुने लेख वाचून अजून पुष्कळ जण तिच्याबद्दल विचारतात.

दोन वर्षांचे कार्ड चालते, कारण तेही कायम रहिवासीपणच आहे. फक्त एक लक्षात असू द्या: ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत तुम्ही दोघांनी मिळून आय-७५१ (कार्डावरच्या अटी काढण्याचा अर्ज) भरायचा असतो, आणि ती मुदत नेमकी तुमच्या प्रशिक्षणात किंवा दूरच्या नेमणुकीत येऊ शकते. लग्नाचे पुरावे म्हणजे एकत्र खाते, घरभाड्याचा करार, कराची विवरणपत्रे आत्तापासून एका फाइलमध्ये घाला आणि ती फाइल नवऱ्याकडे राहू द्या. बेसिक ट्रेनिंगच्या दहा आठवड्यांत फोन क्वचितच हातात येतो.

ऑफिसर होण्यासाठी सर्वसाधारणपणे नागरिकत्व लागते. मात्र पदवीधर असल्यामुळे तुम्ही प्रायव्हेटऐवजी स्पेशलिस्ट, म्हणजे ई-४ वर सुरुवात करू शकाल. सिक्युरिटी क्लिअरन्स लागणारी कामे नागरिक होईपर्यंत बंद असतात. त्यात गुप्तवार्ता येते, सायबरमधले बरेच काही येते. नागरिक झाल्यावर ऑफिसर कँडिडेट स्कूलसाठी अर्ज करता येतो. माझ्या तुकडीतल्या काहींनी तसेच केले.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. कुठल्याही फॉर्मवर, मग तो भरतीचा असो, ड्रायव्हिंग लायसन्सचा असो की मतदार नोंदणीचा, ‘अमेरिकी नागरिक’ या चौकोनात खूण करू नका. कोणी घाईने भरून दिला तरी सही करण्याआधी वाचा. नागरिक असल्याचा खोटा दावा नोंदला गेला तर ग्रीन कार्डच कायमचे अडकू शकते, आणि “त्यांनीच भरले होते” हे तिथे ऐकून घेतीलच असे नाही.

प्रतिसाद – कागदपत्री

मी इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात काम करते, वकील नाही. तेवढे धरून वाचा.

नागरिकत्वाबद्दल ऐकलेले खरे आहे. शांततेच्या काळात एक वर्षाची सन्माननीय सेवा लागते. पण ११ सप्टेंबर २००१ पासूनचा काळ ३ जुलै २००२ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने युद्धकाळ धरला गेला आहे, आणि युद्धकाळाच्या कलमात ती वर्षाची अट नाही. एन-४०० चे, म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जाचे, शुल्कही माफ असते. सेवेचा दाखला म्हणून एन-४२६ या फॉर्मवर सैन्याची सही लागते. याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. सैन्यातून मिळवलेले नागरिकत्व, सन्माननीय सेवेची एकूण पाच वर्षे भरण्याआधी वाईट शेऱ्यावर बाहेर पडलात, तर काढून घेतले जाऊ शकते. करारही नीट वाचा: सक्रिय सेवेची वर्षे काही असली तरी एकूण बांधिलकी साधारण आठ वर्षांची असते, उरलेली रिझर्व्हमध्ये मोजतात.

आता ओसीआय. तुम्ही ऐकलेत ते दुर्दैवाने बरोबर आहे. भारत सरकारच्या ओसीआय सूचनांमध्ये स्पष्ट लिहिले आहे की परदेशी सैन्यातील व्यक्ती, सेवेत असो वा निवृत्त, ओसीआयसाठी पात्र नाही. ‘निवृत्त’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. चार वर्षे करून बाहेर पडले की झाले, असे नाही. नागरिकत्व घेताच १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपते, पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यावे लागते, आणि पुढे भारतात जायला साधा व्हिसाच. व्हिसाच्या अर्जात सैन्यात आहात किंवा होतात का हा प्रश्न असतोच. हुद्दा आणि नेमणुकीचे ठिकाणही विचारतात. खरे तेच लिहायचे, आणि तिकीट काढण्याआधी भरपूर वेळ हाताशी ठेवायचा.

प्रतिसाद – उगवती

दोघांचेही मनापासून आभार. एवढे नेमके उत्तर अजून कोणी दिले नव्हते.

‘निवृत्त’ वाचून बराच वेळ नवऱ्याशी बोलत बसले. आईबाबांना मी हे लपवून करणार नाही. या रविवारच्या फोनवर ओसीआयसकट सगळे सांगणार आहे. बाबांना काही झाले आणि व्हिसाला वेळ लागला तर काय, हा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवूनच ठरवेन. दूरचा_पाऊस, कार्ड येईपर्यंत काय करू? पळणे आणि पुशअप्स सुरू आहेत.

प्रतिसाद – दूरचा_पाऊस

अ‍ॅसव्हॅबचा, म्हणजे सैन्यभरतीच्या परीक्षेचा, अभ्यास करा. शाळकरी गणित आणि इंग्रजी शब्दसंग्रह आहे, पण वेळ कमी मिळतो. आर्मीला किमान गुण ३१ लागतात. तुम्ही त्यावर थांबू नका, कारण जास्त गुणांवर कामाची निवड खुलते. भारतातल्या पदवीचे मूल्यांकन करून घ्या, लसीकरणाचे आणि जुन्या आजारपणाचे कागद मागवून ठेवा. लहानपणी दमा असेल तर मेप्सच्या (भरतीआधीच्या तपासणी केंद्राच्या) तपासणीत विचारतील, लपवू नका. काही बाबतींत सूट मिळते. पत्ता बदलला तर दहा दिवसांत यूएससीआयएसला (इमिग्रेशन खात्याला) कळवा, नाहीतर मुलाखतीचे पत्र भलत्याच दारी जाईल.

आईबाबांना आधी सांगताय, हे मला फार पटले.

प्रतिसाद – उगवती

अ‍ॅसव्हॅबचे पुस्तक वाचनालयातून आणते. दम्याचा काही इतिहास नाही.

अमेरिकी सैन्यात सेवा करून नंतर साध्या व्हिसावर भारतात ये-जा करणारे इथे कोणी आहे का? अचानक जावे लागले तेव्हा व्हिसा किती वेळात मिळाला, वाणिज्य दूतावासाने कोणते कागद मागितले, सेवेत असताना वरिष्ठांची परवानगी कशी घेतली, एवढे कळले तर रविवारी बाबांना सांगायला माझ्याकडे काहीतरी ठोस असेल.