पत्रे बदलायचे की नुसते स्क्रू?

चिरेबंदी

घर गुहागर तालुक्यात. २०१२ साली कौलं उतरवून रंगीत पत्रा घातला. कारण कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे: कौलं फोडणारी वानरं. खाली २ बाय १ इंची लोखंडी पाईप, वर ०.५० मिमीचा गॅल्व्हल्यूम पत्रा (अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा थर दिलेलं पोलाद), सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने आवळलेला. गेल्या पावसाळ्यात माजघरात आणि पडवीत थेंब पडायला लागले. फॅब्रिकेटरला बोलावलं, तर त्याने अंगणात उभं राहूनच निकाल दिला, "पत्रे संपले, सगळे नवीन टाका."

माझं मत उलट आहे. पत्रे संपलेले नाहीत, स्क्रूंचे वायसर (डोक्याखालच्या रबरी चकत्या) संपलेत, आणि ते संपणारच होते. एक स्क्रू काढून बघितला. डोकं वरून ठणठणीत, रंगही शाबूत. पण खालचा रबरी वायसर नखाने दाबला तरी दबेना, कडेला मधून बाहेर जाणाऱ्या बारीक भेगा, आणि एक बाजू चक्क तुटून गेलेली. पत्र्याचं भोक गोल राहिलं नव्हतं, उताराच्या दिशेने लांबट झालं होतं. त्याचंही कारण सरळ आहे. पोलाद दर अंशाला मीटरमागे ०.०१२ मिमी लांबतं. ६ मीटरचा पत्रा पहाटे २५ अंशांवर असतो आणि एप्रिलच्या दुपारी ६५ वर जातो, म्हणजे रोज जवळपास ३ मिमी लांबतो आणि आखडतो. खालचा पाईप सावलीत, तो तेवढा हलत नाही. हा सगळा ताण त्या भोकावर आणि वायसरवर येतो.

म्हणून माझा बेत असा: आगोटीच्या आधी सगळे स्क्रू काढायचे, ५.५ मिमीच्या जागी ६.३ मिमी जाडीचे, चांगल्या ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणारं रबर) वायसरचे घालायचे. पाच-सहाशे स्क्रू लागतील. नव्या पत्र्याच्या खर्चापुढे हे काहीच नाही. कौलांच्या काळात दरवर्षी शाकारणी करायचो ना? मग पत्रा घातला म्हणजे जन्माचं काम झालं, हे कुणी सांगितलं?

खारा_वारा

असहमत. तुम्ही वरून बघताय, गंज खालून येतो.

समुद्रापासून किती अंतरावर आहात ते लिहिलेलं नाही. आमच्याकडे, रेवदंड्याच्या बाजूला, पत्र्याची वरची बाजू चार महिने पावसाने धुतली जाते, ती टिकते. कुजतो तो पागोळीचा भाग, भिंतीबाहेर आलेला वीतभर पत्रा, त्याची खालची बाजू. तिथे पाऊस पोचत नाही, खाऱ्या वाऱ्यातलं मीठ मात्र बारा महिने बसतं. दुसरी जागा म्हणजे दोन पत्रे एकमेकांवर येतात तो सांधा. आत ओल राहते, वाळत नाही. सांधा उघडून बघा. पांढरी भुकटी (वरच्या जस्ताचा गंज) असेल तर अजून वेळ आहे. तांबडे फोड (खालच्या पोलादाचा गंज) असतील तर जाड स्क्रू घालून तुम्ही कुजक्या पत्र्याला नवी बटणं लावताय.

आणि १२–१३ वर्षं कमी नाहीत हो. खाडीकाठच्या घरावर एवढं टिकलं तर पत्र्याने पैसे फेडले असं मी म्हणेन.

लोखंडवाला_चिपळूण

मी याच धंद्यातला, त्यामुळे शिव्या खायला आलोय असं समजा.

अंगणात उभं राहून निकाल देणं चूकच. पण फॅब्रिकेटर "सगळं बदला" का म्हणतो तेही ऐका. नुसते स्क्रू बदलायचं काम घेतलं, जुलैत एक थेंब पडला, की फोन मलाच येतो. गळती तिसऱ्याच ठिकाणची असली तरी "तुम्ही हात लावला आणि गळायला लागलं" हे ठरलेलं. नव्या कामाची जबाबदारी घेता येते, दुसऱ्याच्या जुन्या कामाची नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही दोघंही पत्र्यावर बोलताय, पाईपावर कुणीच नाही. स्क्रू धरतो तो पाईपाला. २ बाय १ चा पाईप २ मिमीचा आहे की १.६ चा? स्वस्तात केलेल्या कामात पातळच असतो, बाहेरून एक हात रेड ऑक्साईड, आतून कोरा. भोकातून झिरपलेलं पाणी पाईपाच्या आत उतरतं आणि तो आतून सडतो. अशा पाईपात ६.३ चा स्क्रू घातला की तो फिरतच राहतो, चावत नाही. हातोडीने प्रत्येक पाईप वाजवून बघा. टणक आवाज आला तर ठीक, भद्द वाजला तर स्क्रूची चर्चा बंद करा.

आणि कुणी स्क्रूच्या डोक्यावर सिलिकॉन थापायला आला तर त्याला खाली उतरवा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं, ते जस्ताचा थर खातं. लावायचंच तर न्यूट्रल क्युअर (असं आम्ल न सोडणारं) लिहिलेलं आणा. सांध्यात ब्युटाईल टेप (चिकट रबरी पट्टी) त्याहून बरी.

चिरेबंदी

@खारा_वारा, समुद्र सरळ रेषेत दीड-दोन किलोमीटर, मध्ये टेकडी. सांधे उघडून बघितलेले नाहीत, बघेन.

@लोखंडवाला, पाईपाचा मुद्दा मान्य. पण म्हणजे गळतीचं खापर पत्र्यावर फोडून पत्रा विकायचा, हे बरोबर कसं? तपासा आणि मग सांगा, एवढंच म्हणणं होतं.

पागोळी

ऑकलंडहून लिहितेय. इथे घरांवर पत्राच जास्त, आणि समुद्र कुठूनही फार लांब नाही. खारा_वारा म्हणतात तो पागोळीखालचा भाग इथे कंपन्यांच्या देखभालीच्या सूचनांमध्ये स्वतंत्र लिहिलेला असतो: पावसाने धुतला न जाणारा भाग घरमालकाने साध्या पाण्याने धुवायचा. न धुतल्यास वॉरंटीच्या दाव्याला अडचण येते. माझे यजमान दर काही महिन्यांनी नळी घेऊन तेवढं करतात. शेजारी हसत नाहीत, कारण तेही तेच करतात.

कोकणात ऑक्टोबर ते मे फारसा पाऊस नाही, मग वरची बाजूही आठ महिने मीठ धरून बसते. त्यात आंब्या-फणसाचा पाला आढ्याजवळ आणि पन्हळीत कुजतो, त्याखाली पत्रा सतत ओला. गावाला आमच्या सासरी मी हे सांगितलं तेव्हा "पत्रा कुणी धुतं का?" असं ऐकावं लागलं. चिरेबंदी, स्क्रू बदला, मला तुमची बाजू पटते. फक्त त्याबरोबर धुणंही सुरू करा, नाहीतर पुढच्या खेपेला खारा_वारा बरोबर ठरतील.

वादळवाट

श्रीवर्धन तालुका. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आम्ही घरात बसून बघितलंय, म्हणून जरा वेगळं बोलतो. गळती ही लहान गोष्ट आहे. थेंबाखाली तपेली ठेवता येते. पत्रा उडाला तर काय ठेवाल?

वारा छपराला नुसता ढकलत नाही, वर ओढतो, आणि सगळ्यात जास्त ओढ कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ असते. आमच्या आळीत जे पत्रे गेले ते बहुतेक कडेपासून सुटत गेले. स्क्रू पाईपातच राहिले आणि पत्रा स्क्रूच्या डोक्यावरून ओरबाडून निघाला, कारण भोकं आधीच मोठी झालेली होती. ज्या भोकाला तुम्ही लांबट म्हणताय, त्याचंच हे पुढचं रूप. ६.३ चा स्क्रू ते भोक झाकेल, पण भोवतीचा पत्रा दमला असेल तर वाऱ्याला धरील का?

माझं मत: कडेचे आणि आढ्याजवळचे पत्रे नवीन, तिथे प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू. मधल्या भागात तुमचं चालू द्या. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा असं केलेली घरं आमच्याकडे शांत होती.

कौलारू

मुळात कौलं काढलीतच कशाला? मंगलोरी कौल उन्हात तापून माणसाला भाजत नाही, पावसात ढोल वाजवत नाही, फुटलं तर एकच बदलायचं. वायसर नाही, ईपीडीएम नाही. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगलोरात कारखाना काढला, तेव्हापासून पश्चिम किनाऱ्यावर हे चाललंय. आपण पत्र्याची दुरुस्ती कशी करावी यावर भांडतोय, चुकीचा प्रश्न सोडवतोय.

मालवणी_भाकरी

कौलारू, तुमचा सगळा खरा, पण माकडांका कोण आवरतलो? तुम्ही येतास राखणीक?

कौलारू

खाली पत्रा, वर कौलं. खूप जण करतात. वानराने कौल फोडलं तरी घरात पाणी नाही, आणि पत्र्याला ऊनही नाही.

लोखंडवाला_चिपळूण

करतात, आणि मग तीन वर्षांनी मला बोलावतात, कारण मध्ये पाला आणि माती अडकते आणि पत्रा तिथे कुजतो, जो दिसतच नाही. शिवाय कौलांचं वजन. २ बाय १ च्या पाईपाला ते झेपेल की नाही हे आधी बघा. या घराला तरी हा सल्ला देऊ नका.

खटपट्या

कोल्हापूर. एक प्रश्न कुणीच विचारला नाही: सोलर बसवणार आहात का? छपरावरच्या सोलरला अनुदान देणारी सूर्यघर योजना आल्यापासून (फेब्रुवारी २०२४) आमच्या गल्लीत निम्म्या छपरांवर पॅनेल आली. पॅनेलची हमी साधारण २५ वर्षांची असते. खाली १२ वर्षांचा जुना पत्रा ठेवून वर पॅनेल चढवलं, की पाच-सात वर्षांनी सगळं उतरवून पत्रा बदला आणि पुन्हा चढवा. दुप्पट मजुरी. सोलर डोक्यात असेल तर आत्ताच नवीन पत्रा. नसेल तर चिरेबंदी बरोबर.

नवीन घेताना पत्र्यावर छापलेलं वाचा. एझेड १५० म्हणजे दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला १५० ग्रॅम कोटिंग. दुकानात जाडी आणि रंग सांगतात, हा आकडा विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. वरून दिसायला जास्त आणि कमी कोटिंगचे पत्रे सारखेच चकचकीत असतात.

अवांतर: ज्यांच्याकडे जुने सिमेंटचे पत्रे आहेत त्यांनी वरचं काही लागू करू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रिल मारणं, घासणं, फोडणं टाळा, ती धूळ फुफ्फुसात गेलेली परवडत नाही.

थेंबे_थेंबे

स्क्रू का पत्रा हे ठरवण्याआधी गळतंय कुठून ते कळलंय का? पाणी भोकातून आत येतं, पाईपाला धरून पुढे जातं आणि भलतीकडेच पडतं. माजघरात पडतंय म्हणजे माजघराच्या वर भोक आहे असं नाही. कोरड्या दिवशी एकाने घरात थांबायचं, दुसऱ्याने वर नळी धरायची. पागोळीपासून सुरुवात, हळूहळू वर. आढ्यापासून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून वाहील आणि काहीच कळणार नाही. आणि पाऊस नसताना थंडीच्या पहाटे थेंब पडत असतील तर ते दव आहे, स्क्रू बदलून थांबणार नाही.

वर चढाल तेव्हा पाय स्क्रूंच्या ओळीवर ठेवा, म्हणजे खाली पाईप असतो. उजेडासाठी घातलेल्या पारदर्शक पत्र्यावर चुकूनही नको.

चिरेबंदी

आठवडाभराने परत आलो. सोलर सध्या नाही, कारण दक्षिणेला फणस आहे आणि वडील तो तोडू देणार नाहीत.

नळी धरली. पडवीतली गळती स्क्रूची नव्हतीच, चिऱ्याची भिंत आणि पत्रा जिथे भेटतात तिथली पट्टी सुटलेली होती. माजघरातली स्क्रूची. पाईप वाजवले. पूर्वेकडचे सगळे टणक. पश्चिमेच्या पाख्याचा (छपराच्या उतरत्या बाजूचा) सगळ्यात खालचा पाईप मात्र भद्द, आणि तिथल्या पागोळीच्या पत्र्याखाली तांबडे फोड. सांधे उघडले, तर पूर्वेला पांढरी भुकटीसुद्धा नाही. म्हणजे एकाच दिवशी घातलेल्या एकाच पत्र्याची दोन बाजूंना दोन वयं झालीत.

तेव्हा पूर्वेला फक्त स्क्रू. पश्चिमेला खालचा पाईप नवा आणि तेवढ्या ओळीचे पत्रे नवे. अख्खं छप्पर बदलण्याची गरज नव्हती, हे माझं मत कायम आहे.

खारा_वारा

आणि पश्चिम गेली होती, हे माझं. तेवढी ओळ बदलाल तर वरच्या जुन्या पत्र्याखाली नवा सरकवावा लागेल, म्हणजे आडवा सांधा वाढला. एकावर एक किमान ६ इंच चढ ठेवा आणि टेप घाला. मी असतो तर ते पाखं पूर्ण बदललं असतं, पागोळीपासून आढ्यापर्यंत एकच लांब पत्रा.

लोखंडवाला_चिपळूण

खारा_वारांना दुजोरा. आणखी एक. पत्रा कापायचा झाला तर वर छपरावर ग्राइंडर लावू देऊ नका. त्याचे तापलेले कण शेजारच्या चांगल्या पत्र्यात रुततात आणि पहिल्या पावसात तिथे तांबडे ठिपके उठतात. कात्री किंवा निबलर (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र), तोही खाली अंगणात. स्क्रू आवळताना वायसर टोपीच्या कडेबाहेर किंचित डोकावला की थांबायचं. पोरं जोर लावून पिळतात, वायसर चिरडतो आणि नवं काम पहिल्याच वर्षी गळतं.

आणि हे काम मेच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. तेव्हा सगळ्या तालुक्याला एकदमच छप्पर आठवतं आणि मापाचा पत्रा वेळेवर हातात पडत नाही. मार्चमध्ये माप द्या.