जुन्या बेसवर चिकटवलेले पुतळे न मोडता कसे सोडवावेत?

तापीकाठ (जळगाव):
नमस्कार मंडळी. २३ सप्टेंबर १८०३ रोजी मराठे आणि इंग्रज यांच्यात झालेल्या असईच्या लढाईचा देखावा मी २८ मिलिमीटरच्या पुतळ्यांनी मांडत आहे. त्यासाठी शिंद्यांच्या कवायती पायदळाचे रंगवलेले पुतळे एका जुन्या संग्रहातून मिळाले. काही धातूचे, काही प्लास्टिकचे. मात्र ते चार-चार करून एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीच्या) चौकोनी तुकड्यांवर चिकटवलेले असून भोवती रेतीचा थर आहे. मला प्रत्येक शिपाई २५ मिलिमीटरच्या गोल बेसवर हवा आहे. घोटे न मोडता आणि रंग न उडता हे काम कसे करावे?

लळिंगवाला (धुळे):
आधी रेती काढावी, कारण खरा जोड तिच्याखाली दडलेला असतो. रेती बहुधा फेविकॉलने बसवलेली असते. कोमट पाण्यात भिजवलेला ब्रश तिच्यावर फिरवत राहिल्यास थर पांढरट होऊन मऊ पडतो आणि लाकडी काडीने खरवडता येतो. नंतर पावलांखाली पाहावे. तिथे काचेसारखा कडक, पारदर्शक थर दिसला, तर ते फेविक्विकच्या जातीचे चिकटद्रव्य समजावे. ते थंडीत ठिसूळ होते, म्हणून पुतळे हवाबंद पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि एकेक तुकडाच बाहेर काढून लगेच पात्याची सपाट बाजू तळाखाली सरकवावी. आपल्याकडच्या मे महिन्यात तर हा गारवा काही मिनिटेही टिकत नाही. धडाला धरून ओढू नये, कारण सारा ताण घोट्यावर येतो.

भुसावळकर:
ॲसिटोन या गोंद विरघळवणाऱ्या द्रवाने काम पटकन होते हे खरे, पण त्याने रंग जातो आणि पॉलिस्टायरीनचे प्लास्टिक विरघळते. त्यामुळे ज्या धातूच्या पुतळ्यांना पुन्हा रंगवायचेच आहे, त्यांच्यापुरताच तो वापरावा, तोही खिडकी उघडी ठेवून आणि शेगडीपासून दूर.

तापीकाठ:
मनःपूर्वक आभार. फ्रीजरच्या उपायाने धातूचे बहुतेक शिपाई सुटले, परंतु त्यांच्या तळाला एमडीएफचा पापुद्रा चिकटून आला आहे. प्लास्टिकचे काही शिपाई स्वतःच्या पातळ चकतीसह सुटले, पण ती चकती पावलांपासून अजिबात वेगळी होत नाही.

लळिंगवाला (धुळे):
पापुद्र्यावर पाण्याचे थेंब सोडून थोडा वेळ थांबावे. एमडीएफ फुगतो आणि भिजवलेल्या डाळीच्या सालासारखा बोटाने निघतो. उरलेला गोंद कानशीने घासायचा असल्यास ती कानस ओली ठेवावी, कारण जुन्या धातूच्या पुतळ्यांत शिसे असण्याची दाट शक्यता असते आणि त्याची धूळ श्वासात जाऊ नये. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

चकतीचे म्हणाल, तर ती प्लास्टिक सिमेंटने जोडलेली असावी. ते सिमेंट दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करते, त्यामुळे तिथे वेगळा असा गोंदाचा थर उरतच नाही आणि थंडीचाही काही उपयोग होत नाही. पावले कापून काढण्यात मोठा धोका आहे. त्यापेक्षा चकतीची कड बारीक करवतीने तासून उतरती करावी, ती तशीच नव्या बेसवर चिकटवावी आणि भोवती पुट्टी भरून वर रेती टाकावी. मग चकतीचा उंचवटा जमिनीत मिसळून जातो.